कोवळ्या औषधी रोपांचे हेमंत-शिशिरातील रक्षण

हेमंत व शिशिर ऋतूंत प्रतिश्याय आणि कासाचे रुग्ण वाढतात. तुळस व अडुळसा यांच्या ताज्या पानांची गरजही वाढते. नेमक्या याच काळात परसबागेतील कोवळी रोपे दुर्बल झालेली असतात. कळंब परिसरात थंडीच्या जोडीला आणखी एक उपद्रव असतो. वेचणी संपून कपाशी वाळू लागली की तिच्यावरील पांढरी माशी व पिठ्या ढेकूण तणांवर आणि हिरव्या परसबागांत पसरतात.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात शीत, वात व आतप ही वृक्षरोगांची कारणे सांगितली आहेत. पाने पिवळी पडणे, अंकुरांची वाढ खुंटणे, फांद्या शुष्क होणे व रसस्राव ही त्यांची लक्षणे होत. अर्थात येथेही निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा ठरते.

निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता वेगाने निघून जाते. म्हणून कुंड्या दक्षिणाभिमुख भिंतीलगत ठेवाव्यात. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. वाफ्यातील रोपांवर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून सायंकाळी जुने धोतर वा गोणपाट पसरावे व सूर्योदयानंतर काढावे. आच्छादन पानांना टेकू देऊ नये. बुंध्याभोवती वाळलेला पालापाचोळा पसरावा. पाणी बेताचे द्यावे. थंडीत साचलेल्या ओलीने मुळे कुजतात. या दिवसांत नत्रयुक्त खत व जोमदार छाटणी टाळावी, कारण त्यामुळे फुटणारे लुसलुशीत धुमारे थंडी व मावा या दोहोंना लवकर बळी पडतात.

किडींसाठी आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहावी. पिठ्या ढेकूण ओल्या कापडाने पुसून काढावा. त्याच्या गोड स्रावासाठी येणाऱ्या मुंग्या त्याचे रक्षण करतात, म्हणून त्यांचा मार्ग प्रथम तोडावा. बेल व लिंबू यांवरील फुलपाखराच्या अळ्या हाताने वेचाव्यात. माव्यावर उपजीविका करणारा ढालकिडा मात्र मारू नये. प्रादुर्भाव वाढल्यास ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून गाळावे, थोडे साबणाचे पाणी मिसळून एकूण १ लिटर द्रावण करावे व सायंकाळी फवारावे; प्रखर उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. त्यानंतर आठवडाभर पाने औषधार्थ तोडू नयेत व पुढेही धुऊनच वापरावीत.

शेतासाठी आणलेले रासायनिक कीटकनाशक उरले म्हणून तुळशीवर फवारणे सर्वथा वर्ज्य समजावे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. आंतरप्रवाही कीटकनाशक तर वनस्पतीच्या रसातच भिनते. पान कितीही धुतले तरी ते जात नाही, आणि आपण रुग्णाला देतो तो तोच स्वरस. एखादे रोप दगावले तर पुन्हा लावता येते. वैद्यबंधूंनी रुग्णांना ताजी पाने आणावयास सांगताना ती कोठली व त्यांवर काय फवारले आहे, हेही अवश्य विचारावे.