घरामागची मोकळी जागा

कागदावर एक एकराचा प्लॉट चांगला ऐसपैस वाटतो. आमच्या टेबलावर नकाशा आला की तो आकसायला लागतो. आधी बोअर कुठं आहे ते बघायचं, कंपास काढायचा आणि तिच्याभोवती १०० फूट त्रिज्येचं वर्तुळ मारायचं. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या बोअरपासून एवढ्या अंतरात सेप्टिक टँक नको आणि मैलापाणी जिरवणारे चरही नकोत. हे एकटं वर्तुळच साधारण २९ गुंठे खातं, आणि एकर म्हणजे ४० गुंठे. शेजाऱ्यानं कुंपणाला लागून बोअर मारलेली असेल तर तिच्या वर्तुळाची फाकही आपल्या जमिनीत शिरते. त्यावर भांडून उपयोग नाही, त्यानं आधी मारली. वाहत्या ओढ्यापासून १०० फूट सोडायचे, तळ्यापासून २००. हद्दीपासून आणि घराच्या पायापासून पाच-पाच फूट. २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतार असेल तो भाग बाद. अग्निशमन दलाला बंब वळवायला जागा हवी, ती वेगळीच. हे सगळं खोडून उरलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यात मैलापाण्याची सोय बसते का, हे बघायचा मला पगार मिळतो.

सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी असलेल्या एका काउंटीच्या पर्यावरण आरोग्य विभागात मी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. या कामाला शास्त्राची पदवी, प्रशिक्षण, राज्याची परीक्षा आणि मग नोंदणी, असं सगळं लागतं. माझ्याच विभागातले बाकीचे लोक हॉटेलांची स्वयंपाकघरं आणि पोहण्याचे तलाव तपासतात. माझ्या वाट्याला जमीन आली आहे. अमेरिका म्हटलं की घरोघरी नळ आणि रस्त्याखालून गटार, असं आपल्याला वाटतं. पण इथल्या दर पाच घरांतलं साधारण एक घर सेप्टिक टँकवर चालतं. अशा भागात कुणाला घर बांधायचं असेल, जमिनीचे तुकडे पाडायचे असतील, लग्नाचा हॉल काढायचा असेल, तर प्लॅनिंग खातं फाइल आमच्याकडं धाडतं. आम्ही दोनच गोष्टी विचारतो. पाणी कुठून आणणार? मैला कुठं जाणार?

नकाशा काहीही म्हणो, निकाल खड्ड्यात लागतो. ठरल्या दिवशी मालकानं बॅकहो आणून ठेवायचा असतो. आपल्याकडं ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात तो. आमच्या भागात वर लालसर माती आणि खाली ग्रॅनाइट कुजून झालेला मुरूम. मुरूम लागला की ऑपरेटरला आवाजावरूनच कळतं, दात खरखरतात. खड्डा पाच फूट किंवा त्याहून खोल झाला की आधार दिल्याशिवाय आत उतरायला कायद्यानं बंदी आहे, कारण माती ढासळायला सेकंदही लागत नाही. म्हणून एका बाजूनं पायऱ्या पाडून घ्यायच्या, वरच्या थरांपाशी स्वतः बसायचं आणि खालची माती बकेटमधून वर मागवायची.

मग मूठभर माती घ्यायची, बाटलीतलं पाणी शिंपडायचं, कणकेसारखी मळायची आणि अंगठा-तर्जनीत दाबत तिची पट्टी पुढं सरकवायची. पट्टी इंचभर व्हायच्या आत तुटली तर पोयटा. एक ते दोन इंच टिकली तर चिकण पोयटा. दोन इंचांपुढं लोंबायला लागली की चिकणमाती, आणि मालकाचा चेहरा बघायचा टाळायचा. पट्टी पडली की तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघणारे मालक मी ओळखायला शिकलोय. त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

यानंतर रंग. आमच्याकडं मन्सेल नावाचं रंगांचं पुस्तक असतं. प्रत्येक रंगचौकोनाखाली पानाला एक भोक, त्यामागं मातीचं ढेकूळ धरून रंग जुळवायचा. मी शोधत असतो ते राखाडी ठिपके आणि त्यांच्या कडेची गंजाची रेघ. मातीत पाणी साचून राहिलं की तिथला प्राणवायू संपतो, लोह विरघळून निघून जातं आणि माती फिकट राखाडी पडते. पाणी उतरलं, हवा आत आली की तेच लोह गंजून बाजूला बसतं. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, पण ऑगस्टच्या रखरखाटात खणलेल्या ठणठणीत कोरड्या खड्ड्यातही फेब्रुवारीत पाणी कुठवर चढतं ते असं वाचता येतं. "मी वीस वर्षं इथं राहतोय, पाणी कधी बघितलं नाही," असं मालक सांगतात. ते खोटं बोलत नसतात. जमिनीखाली तीन फुटांवरचं पाणी बघायला कुणी कशाला जाईल?

सेप्टिक टँक मैला साफ करते हा समज फार पक्का आहे. टँकमध्ये नुसतं गाळ खाली आणि तेलकट साय वर, एवढंच होतं. मधलं गढूळ पाणी चरांमध्ये जातं आणि त्याला शुद्ध करते ती चराखालची माती. तीही कोरडी आणि हवेशीर असेल तर. सेप्टिकबद्दलचं राज्याचं धोरण २०१३ साली लागू झालं, त्यातल्या साध्या पद्धतीच्या तक्त्यात हे सरळ मांडलंय. पाणी इंचभर उतरायला ३० ते १२० मिनिटं लागत असतील तर चराखाली पाच फूट कोरडी माती पुरते. ५ ते ३० मिनिटं लागत असतील तर आठ फूट हवी. आणि एक ते पाच मिनिटांत उतरत असेल तर वीस. म्हणजे भराभर पाणी पिणारी जमीन चांगली, हा शेतकऱ्याचा हिशोब इथं उलटा पडतो. पाणी जितकं घाईनं खाली जाईल तितका मातीला वेळ कमी.

हा वेग मोजायची रीत साधीच आहे. हेन्री रायन या न्यूयॉर्कच्या अभियंत्यानं ती १९२० च्या दशकात बसवली. चराच्या खोलीपर्यंत हातभर रुंदीच्या आतलं भोक पाडायचं, कडा खरवडून मोकळ्या करायच्या, तळाशी दोन इंच खडी टाकायची आणि रात्रभर पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासानं पाणी किती उतरलं ते पट्टीनं मोजायचं. शेवटचा आकडा धरायचा. सगळी लबाडी त्या रात्रभरच्या पाण्यात असते. चिकणमाती भिजून फुगली की तिच्या भेगा मिटतात. ते न करता कोरड्या जमिनीत पाणी ओतलं तर ते भेगांतून गायब होतं आणि आकडा झकास येतो. म्हणून मी मोजणीच्या आदल्या संध्याकाळी वाट वाकडी करून भोकं बघून येतो. वर्षानुवर्षं खड्डे खणणारा आमच्याकडचा एक म्हातारा ऑपरेटर मला यावरून चिडवतो, "तुम्हाला घरी कुणी जेवायला वाढत नाही का?"

जंतूंचा बंदोबस्त माती करते. नायट्रेटचा करत नाही. लघवीतला नत्र हवेशीर मातीत गेला की त्याचं नायट्रेट होतं, मातीला ते चिकटत नाही आणि पाण्याबरोबर थेट भूजलात उतरतं. १९४५ मध्ये आयोवातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी दाखवून दिलं की विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात कालवलेलं दूध पिऊन तान्ही बाळं निळी पडतात. इथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा, लिटरमागं नत्राच्या रूपात १० मिलिग्रॅम, तिच्यामागं हीच काळजी आहे. साध्या सेप्टिकमध्ये यावर उपाय एकच, पुरेशा पावसाच्या पाण्यात ते पातळ होऊ देणं. म्हणून नव्या प्लॉटिंगसाठी त्याच धोरणात घरटी किती जमीन हवी ते पावसावर ठरवलंय. वर्षाला १५ इंचांपर्यंत पाऊस असेल तर सरासरी अडीच एकरांना एक घर. ४० इंचांच्या वर असेल तर अर्ध्या एकराला एक. पहिल्यांदा हा तक्ता वाचला तेव्हा मला आपला माणदेश आठवला. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. या हिशोबानं घरटी दोन एकर. आपल्याकडं दीड गुंठ्याच्या प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात शोषखड्डा असतो. पावसाळ्यात दोघांची गाठ पडत नसेल असं मानायला मन धजत नाही.

हे न पाळल्यावर काय होतं ते बघायला इथून लांब जायला नको. सॅन लुइस ओबिस्पो काउंटीत समुद्रकाठी लॉस ओसोस नावाचं गाव आहे. वाळूवरचे चिंचोळे प्लॉट, घराघराला सेप्टिक, आणि भूजलात वाढत गेलेलं नायट्रेट. १९८३ साली तिथल्या प्रादेशिक जल मंडळानं सांडपाणी जमिनीत सोडायला बंदीचा ठराव केला, १९८८ पासून नवी बांधकामं थांबली आणि गटार व शुद्धीकरण केंद्र सुरू झालं २०१६ मध्ये. मधल्या तीस-एक वर्षांत गावानं खटले, निवडणुका, फेरनिवडणुका, सगळं बघून घेतलं.

पण माझी खरी वादावादी याहून किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीवरून होते. ती म्हणजे राखीव क्षेत्र. चर कायम टिकत नाहीत. कधी तरी त्यांच्या तळाशी काळा चिकट थर जमून ते पाणी घेईनासे होतात. तेव्हा नवे चर खणायला तेवढीच दुसरी चांगली जागा आधीपासून राखून ठेवावी लागते. शंभर टक्के राखीव, अर्धवट नाही. मुळात उरलेल्या त्या वेड्यावाकड्या तुकड्यात सगळं दोनदा बसवायचं. त्या राखीव जागेवर बांधकाम नको, फरसबंदी नको, गाडी चालवणं नको. आणि ती जागा सपाट, उन्हातली, मऊ मातीची असते, कारण तशी होती म्हणून तर मी निवडलेली असते. नेमकी तिथंच प्रत्येक नव्या मालकाला पोहण्याचा तलाव दिसतो. "तिथं तर काहीच नाहीये," हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय की फाइल उघडायच्या आधीच मला नकाशाचा तो कोपरा दिसायला लागतो.

दुसरी चकमक बेडरूमवरून. टँक आणि चरांचा आकार घरात माणसं किती यावर ठरत नाही, बेडरूम किती यावर ठरतो. माणसं बदलतात, खोल्या राहतात. बऱ्याच ठिकाणी बेडरूममागं दिवसाला १५० गॅलन, म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर पाणी धरतात. त्यामुळं नकाशांवर 'स्टडी', 'शिवणखोली', 'ध्यानकक्ष' अशा खोल्यांचं पेव फुटतं. आमच्या काउंटीत ज्या खोलीला दार, खिडकी आणि आत झोपता येईल एवढी जागा आहे ती बेडरूम, नाव काहीही लिहा. मध्यंतरी बे एरियातून इकडं जमीन घेतलेलं एक मराठी जोडपं आलं. तीन बेडरूमचं घर आणि शिवाय दहा बाय दहाचं देवघर, खिडकी पूर्वेला, भिंतीत कपाट. मी ते चौथी बेडरूम धरलं. काकू माझं आडनाव वाचून मराठीत आल्या, "अहो, आपलेच आहात तुम्ही, देवघरात कोण झोपणार?" तुम्ही नाही झोपणार, घर विकल्यावर पुढचा झोपेल, असं मी म्हणालो ते त्यांना रुचलं नाही. घर अजून उभं नाही तर हा विकायला निघाला! काकांनी शांतपणे विचारलं, "मग दारच नको ठेवायला?" तेच उत्तर होतं. दाराऐवजी सहा फुटांची उघडी कमान, कपाट बाहेरच्या पॅसेजमध्ये. देवघर राहिलं, बेडरूम तीनच राहिल्या, आणि काकूंनी जाताना इथंही एनए करून घ्यावं लागतं का हे विचारून घेतलं.

या कामाचा एक भाग मला अजून गिळता आलेला नाही. जमीन तोडून चार प्लॉट करायचा अर्ज आला की प्लॅनिंग कमिशनपुढं जाहीर सुनावणी होते आणि शेजारी रांगेत उभे राहून भूजलाची काळजी करतात. त्यांतल्या कित्येकांची घरं साठ वर्षांपूर्वीची, मैला कुठं जातो त्याचा कागद नाही, काहींकडं टँकसुद्धा नाही, नुसता दगडी खड्डा. त्यांना नायट्रेट नको असतं त्याहून जास्त नवे शेजारी नको असतात, आणि ते तसं म्हणू शकत नाहीत म्हणून माझा अहवाल हातात घेऊन बोलतात. राज्यात घरांची टंचाई आहे, भाडी परवडत नाहीत, मागच्या अंगणात छोटं दुसरं घर बांधणं सोपं व्हावं म्हणून सरकारनं कायदे सैल केलेत. तरी सेप्टिकवरच्या जमिनीत त्यालाही आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागू शकते. माझा नकार मातीवरून असतो. तो कुणाच्या कामी येईल हे माझ्या हातात नसतं. अहवालात मी एवढंच करू शकतो की आकड्यांबरोबर जुन्या घरांच्या खड्ड्यांचाही उल्लेख घालायचा, म्हणजे सुनावणीत एखाद्या सदस्यानं तरी विचारावं, की यांचं काय?

गेल्या अशाच एका फाइलमध्ये चारपैकी तीन प्लॉटांना माती मिळाली. चौथ्यात अडीच फुटांवर राखाडी ठिपके निघाले, म्हणून कमिशननं तीनच मंजूर केले. आता अर्जदाराच्या अभियंत्यानं चौथ्यासाठी नत्र काढून टाकणारी यंत्रणा सुचवली आहे. ती चालते, पण तिला वीज लागते, पंप लागतो आणि दरवर्षी देखभालीचा करार लागतो. सध्याचा मालक करार करेल यात शंका नाही. घर विकलं तरी तो करार दस्तावर चिकटून पुढच्या मालकाकडं जाईल अशी अट घालायची, असं माझं म्हणणं आहे. वकिलाचं म्हणणं, अशानं प्लॉटची किंमत पडेल. पत्रव्यवहार चालू आहे.