बांधावरचे भांडण नेमके कशाचे? आधी प्रकार ओळखा

बांध कोरला म्हणून सुरू झालेले भांडण आजोबांकडून नातवापर्यंत पोहोचते. मोजणी होते, निकाल लागतो, तरी बोलणे बंदच. कारण अनेकदा वाद एका गोष्टीचा असतो आणि उपाय दुसऱ्याच गोष्टीवर केला जातो. अमेरिकी मध्यस्थ ख्रिस्तोफर मूर यांनी संघर्षाच्या मुळाशी असणारी पाच कारणे सांगितली आहेत. शेतीच्या वादातही ती दिसतात.

१) माहितीचा वाद
हद्द कुठे, यावर दोघांचे म्हणणे वेगळे असते. सातबाऱ्यावरून क्षेत्र कळते, हद्द नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. शेजाऱ्यानेही नोटीस मिळाल्यावर मोजणीला हजर राहावे.

२) हिताचा वाद
रस्ता किंवा पाणी दोघांनाही हवे असते. बांधावरून नवा रस्ता हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ लागू होतो. त्यासाठी सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो.

३) नात्याचा वाद
वाटणीच्या वेळचा अपमान मनात असतो, बांध केवळ निमित्त. इथे मोजणीचा नकाशा कामाचा नाही. दोघांचाही विश्वास असलेला माणूस मध्ये हवा. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगावी समित्या नेमल्या गेल्या, त्या याच विचाराने.

४) मूल्यांचा वाद
'लग्नात दिले-घेतले, आता वाटा कसला?' असे भावाला वाटते. बहिणीला तो हक्क वाटतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्यामुळे चर्चा करायचीच, तर हक्क आहे की नाही याची नको. जमीन द्यायची की मोबदला, याची करावी.

५) व्यवस्थेतला दोष
दोघांपैकी कुणाचीच चूक नसते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर काही ठिकाणी जमीन एकाच्या नावावर आणि ताबा दुसऱ्याकडे, असे झाले. यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये 'सलोखा' योजना आणली. शेतकऱ्यांकडे परस्परांच्या जमिनीचा किमान १२ वर्षे ताबा असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी ठेवण्यात आली.

एकाच भांडणात दोन-तीन कारणे गुंतलेली असू शकतात. म्हणून अर्ज लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा: उद्या हद्द कायम झाली, तर भांडण मिटेल का? उत्तर 'नाही' असेल, तर मूळ बांधात नाही, दुसरीकडे आहे.