जुन्या ॲप-कर्जाच्या वसुलीचा फोन आला? आधी कागद, मग पैसा

१ जून ते ३१ जुलै बंदी. ६१ दिवस दर्याची कमाई शून्य. पण किराणा, मुलांची फी, जाळ्यांची डागडुजी काही थांबत नाही. अशाच दिवसांत आपल्यातल्या कितीतरी जणांनी मोबाईलवर झटपट कर्ज उचललं. आता तीन-चार वर्षांनी त्याच कर्जाच्या वसुलीचे फोन येतात, म्हणून हे लिहितोय.

समजा, कर्ज ५,००० चं होतं. फी कापून हातात ३,७०० आले. काही भरले, काही राहिले. आज एक अनोळखी माणूस फोनवर म्हणतो, "३८,००० भरा, नाहीतर संध्याकाळी पोलीस दारात." घाबरून दोन हजार पाठवले, तर फोन थांबत नाहीत, उलट वाढतात. घाबरला की पैसे देणारा माणूस सापडला, हे समोरच्याला कळलेलं असतं.

पोलिसांची भीती. कर्ज थकलं एवढ्यावरून अटक होत नाही. ती दिवाणी बाब आहे. चेक बाऊन्स किंवा फसवणुकीची केस वेगळी. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कायद्यात नाहीच. मात्र कोर्टाचं खरं समन्स आलं तर ते बाजूला टाकू नका, लगेच वकील गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो.

आधी हे मागा. कर्ज मूळ कुठल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं? ॲप हा नुसता मध्यस्थ असतो. कर्जाचा करार, भरलेल्या पैशांचा हिशेब आणि एजंटचं अधिकारपत्र लेखी मागा. खरी संस्था हे देते. भामटा शिव्या देतो. सिबिलसारख्या संस्थांकडून वर्षातून एकदा आपला रिपोर्ट फुकट मिळतो. कर्ज कुणाच्या नावाचं, किती बाकी, ते त्यात बघा.

३ वर्षांची गोष्ट. १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टप्रमाणे, म्हणजे मुदतीच्या कायद्याप्रमाणे, तारण नसलेल्या साध्या कर्जासाठी कोर्टात दावा लावायला सर्वसाधारणपणे ३ वर्षं असतात. त्या मुदतीत तुम्ही थोडे पैसे भरले किंवा देणं लेखी कबूल केलं, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यावरही 'फेडतो' असं सहीनिशी लिहून दिलं, तर जुनं देणं पुन्हा अंगावर येऊ शकतं. म्हणून चौकशी होईपर्यंत "भरतो, जरा वेळ द्या" असं व्हॉट्सॲपवरसुद्धा लिहू नका. मुदत गेली म्हणजे देणं पुसलं गेलं असं नाही, सिबिलवर नोंद राहू शकते. पण कोर्टाची धमकी तेवढी पोकळ होते.

एजंटला काय चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना फोन करून बदनामी, हे सगळं मना आहे. कॉल रेकॉर्ड करा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. फोटोत छेडछाड करून ते पाठवले किंवा तशी धमकी दिली, तर तो गुन्हा आहे. १९३० वर फोन करा, पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. संस्था खरी असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

देणं खरं निघालं तर? तर फेडायचंच. पण एकरकमी तडजोडीची रक्कम आधी लेखी घ्या, पैसे थेट संस्थेच्याच खात्यात भरा, एजंटच्या नंबरवर नाही. भरल्यावर 'बाकी नाही' असा दाखला घ्या आणि जपून ठेवा.

आणि पुढच्या बंदीसाठी आत्ताच बघा. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. ठरलेल्या मर्यादेपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांपर्यंत खाली येतं. बंदी लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सीझन चालू असतानाच अर्ज द्या.

असा फोन आला तर एकट्याने रात्र जागून काढू नका. मोबाईल आणि असतील ते कागद घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या, बसून बघूया. ही पोस्ट तांडेल, खलाशी आणि बाजारात मासळी विकणाऱ्या आपल्या भगिनींपर्यंत पोचवा.