रहस्यकथा आवडणाऱ्या मुलाला पुढचे पुस्तक कोणते द्यावे?

नववी-दहावीतल्या मुलाच्या हातात रहस्यकथा दिसली की घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते, ‘हे काय वाचत बसलास? अभ्यासाचं वाच!’ मूल पुस्तक खाली ठेवते. पण त्या जागी अभ्यासाचे पुस्तक येतेच असे नाही. बऱ्याचदा मोबाइल येतो. लहानपणी लागलेली वाचनाची सवय अनेकांची याच वयात सुटते आणि ती पुन्हा लागणे कठीण जाते. म्हणून रहस्यकथा किंवा विज्ञानकथा आवडणाऱ्या मुलाला अडवण्यापेक्षा त्याच चवीचे, पण एक पायरी वरचे पुस्तक देणे शहाणपणाचे.

रहस्यकथा वाचताना वाचक धागेदोरे लक्षात ठेवतो, संशय घेतो, अंदाज बांधतो आणि नवा पुरावा आला की तो अंदाज बदलतो. डॉक्टरही रोगनिदान असेच करतात. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होते. एडिनबरोला शिकताना त्यांना डॉ. जोसेफ बेल हे शिक्षक लाभले. रुग्णाची चाल, हात आणि कपडे पाहून त्याचा व्यवसाय ओळखण्यात बेल यांचा हातखंडा होता. त्यांच्यावरूनच डॉयल यांना होम्स सुचला. होम्सची पहिली कादंबरी १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली.

सुरुवात कुठून करावी?

वय १२-१३ असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा किडकिडीत, सायकलवेडा मुलगा प्रत्येक भानगडीत नाक खुपसतो. भाषा सोपी आहे आणि गोष्ट कुठे रेंगाळत नाही. तो आवडला की सत्यजित राय यांचा फेलूदा द्यावा. अशोक जैन यांनी या कथा मराठीत आणल्या आहेत. त्यानंतर होम्सच्या लघुकथा वाचायला द्याव्यात. त्यांचे मराठी अनुवाद सहज मिळतात.

विज्ञानकथेची ओढ असेल तर डॉ. जयंत नारळीकरांना पर्याय नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, हा हेतू होता. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ‘यक्षांची देणगी’ या संग्रहापासून सुरुवात करावी. पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर काय झाले असते, या कल्पनेवरची त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा इतिहास आवडणाऱ्या मुलांनाही गुंतवून ठेवते. थरार आणि विज्ञान दोन्ही हवे असेल तर ‘वामन परत न आला’ आणि ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आहेत. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आणि निरंजन घाटे यांच्या कथा वाचता येतील. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ या दिवाळी अंकांत रहस्यकथा व विज्ञानकथा एकत्र मिळतात. आपल्याकडे धानाची कापणी आणि दिवाळीची सुट्टी साधारण एकाच सुमारास येते. त्या दिवसांत घरात एक तरी अंक यावा.

सोळा वर्षांनंतर

इंग्रजी वाचता येत असेल तर मायकल क्रायटन वाचावा. त्यानेही वैद्यकीय पदवी घेतली होती. ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’ (१९६९) ही पृथ्वीबाहेरून आलेल्या सूक्ष्मजीवाची कथा आहे, तर ‘ज्युरासिक पार्क’ (१९९०) डायनोसॉरची. ती वाचून झाल्यावर मुलाला एक गोष्ट जरूर सांगावी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथे डायनोसॉरची खरीखुरी हाडे आणि त्यांच्या शेणाचे जीवाश्म सापडले आहेत. डॉक्टर असलेल्या रॉबिन कुक यांच्या अनेक वैद्यकीय थरारकथा मराठीत आल्या आहेत. मात्र त्यांत रुग्णालयांविषयी भीती वाटेल असे प्रसंग असतात, म्हणून त्या जरा मोठ्या वयातच द्याव्यात. नारायण धारपांच्या भयकथांनाही हाच नियम लावावा. रात्री एकटे झोपायला घाबरणाऱ्या मुलाला त्या लगेच देऊ नयेत.

आपल्या रक्तातली रहस्यकथा

या वाचनाचा भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना आणखी एक उपयोग आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि त्याचा शोध ही एक अस्सल रहस्यकथाच आहे. १९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. पेशी अशा का होतात, ते कळत नव्हते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ‘गुन्हेगार’ पकडला. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत एकाच जागी बदल झालेला होता. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलसाठी जनुक-संपादनावर आधारित उपचाराला मान्यता दिली. जनुकात कात्री चालवून आजार बरा करणे ही काही दशकांपूर्वी विज्ञानकथेतच शोभणारी कल्पना होती.

हा उपचार अतिशय महाग आहे. आपल्याकडे आज भर आहे तो वेळेवर तपासणी आणि नियमित औषधांवर. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्तीला बहुधा कसलाच त्रास नसतो, त्यामुळे तपासणीशिवाय ते कळत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते. जनुक म्हणजे काय, हे गोष्टीतून समजलेला मुलगा किंवा मुलगी ‘मला काय झालंय, मी कशाला रक्त देऊ?’ असे म्हणणार नाही. लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्ताचा अहवाल पाहायचा, हेही त्यांना वेगळे पटवावे लागणार नाही.

झोपेचे भान

थरारक पुस्तकाचा एक दोष आहे. ‘आणखी एकच प्रकरण’ म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजतो. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात झोप मुळातच उशिरा येते. त्यामुळे रात्रीसाठी एका बैठकीत संपणारी लघुकथा ठेवावी आणि कादंबरी सुट्टीच्या दिवशी दुपारी वाचावी. रात्रीचे वाचन कागदी पुस्तकातूनच करावे. बोस्टनमधल्या संशोधकांनी १२ जणांवर एक प्रयोग केला होता. झोपण्यापूर्वी उजेड फेकणाऱ्या पडद्यावर वाचले त्या रात्री मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक निम्म्याहून कमी झाले आणि झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली. छापील पुस्तक वाचले त्या रात्री असे घडले नाही. प्रयोग लहान होता, पण त्यातला सल्ला पाळायला सोपा आहे.

पुस्तके कुठे मिळतील?

प्रत्येक पुस्तक विकत घ्यायलाच हवे असे नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि शासनमान्य वाचनालये तालुक्यांत व अनेक गावांतही आहेत. तुमसर असो की लाखांदूर, जवळच्या वाचनालयाची वर्गणी शिकवणीच्या एका महिन्याच्या फीपेक्षा बरीच कमी भरेल. हवे ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवावी. वाचकांनी मागितलेली पुस्तके खरेदीच्या यादीत घालता येतात. शाळेच्या ग्रंथालयातले कुलूपबंद कपाट उघडायला शिक्षकांना आग्रहाने सांगावे.

पुस्तक आणून दिल्यावर त्यावर प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. त्याऐवजी आई-वडिलांनी तेच पुस्तक स्वतः वाचावे आणि जेवताना विचारावे, ‘तुला खुनी कोण ते कितव्या पानावर कळलं?’ आवडले नाही तर पुस्तक अर्धवट सोडायचीही मुभा द्यावी.