दादरा-नगरहवेली : सनदेतली गावे आणि अडलेली वाट

जमीन आपली आणि तिकडे जाण्याची वाट दुसऱ्याच्या बांधावरून, ही अडचण आपल्या शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्याला नवी नाही. मामलेदार कचेरीत असे दावे नेहमीचेच. परंतु असाच दावा एका राष्ट्राने दुसऱ्यावर लावावा, तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावा आणि तेथे पेशवाईतल्या सनदांचा कीस पडावा, हे एकदा घडले आहे.

दमण समुद्रकाठी, दादरा आणि नगरहवेली आत, डोंगराच्या बाजूला. मध्ये भारताचा मुलूख. शिवाय दादरा हवेलीपासूनही तुटलेले, चहूकडून भारतीय हद्दीने वेढलेले. ही विचित्र रचना आली कोठून? १७७९ साली पुणे दरबाराची इंग्रजांशी लढाई चालू होती. पोर्तुगीजांची मैत्री हवी म्हणून दमणजवळच्या गावांचा १२,००० रुपयांचा वसूल त्यांना तहाने देऊ केला. गावे प्रत्यक्ष दिली गेली ती १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी.

आता प्रश्न असा, की दिले ते काय? वसूल की राज्य? करारातल्या एका शब्दावर शेकडो कामगारांचा पगार अडकलेला आम्ही पाहिला आहे. त्यामुळे हा वाद वाचताना आम्हांला परका वाटला नाही. पोर्तुगाल म्हणे, सार्वभौमत्व मिळाले. भारत म्हणे, हा तर नुसता सरंजाम. न्यायालयाने मराठ्यांपुरते भारताचे म्हणणे मानले. पण मराठ्यांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना तेथे धनी म्हणून चालू दिले, आणि पुढे भारतानेही तसेच चालवले, असे सांगून त्याने दुसरे पारडेही भरले. वहिवाट म्हणतात ती हीच!

दरम्यान गावांनी निकालाची वाट पाहिली नव्हती. २२ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादऱ्याचे पोलीसठाणे घेतले. मग आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्ट असे एरवी एका व्यासपीठावर न दिसणारे लोक हवेलीत उतरले. संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले. भारताने पोर्तुगीजांची वाट बंद केली होती. दमणहून कुमक येणार कशी? पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दावा लावला, तो याच वाटेसाठी.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना १९५४ साली वाटेचा हक्क होता : ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना नव्हता : ८ विरुद्ध ७. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही : ९ विरुद्ध ६. मधला आकडा पाहावा. एक मत फिरते तर बंदुकांच्या वाटेचा हक्कही कागदावर उभा राहिला असता. तेथे राहणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया लोकांना काय हवे, हा प्रश्न मात्र दाव्यात कोठेच नव्हता.

त्या सात वर्षांत कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कोणी राज्यप्रमुख हवा, म्हणून भारताचेच सनदी अधिकारी बदलानी यांना एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान करण्यात आले. ऑगस्टमध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश भारतात आला. पोर्तुगालने ते मान्य केले ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. लिस्बनची हुकूमशाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोसळली होती.