देवळातली जोडी : कणकुंबी परिसरातल्या गुरव-गुरविणीचा दिवस

कणकुंबी म्हटलं की मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ आणि रामेश्वर एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की सुमारे ४५ किलोमीटरवर खानापूर तालुक्यातलं हे गाव लागतं. गाव अगदी पाणलोटाच्या माथ्यावर. इथला काही पाऊस मलप्रभा घेऊन पूर्वेला जाते आणि कूडलसंगमाला कृष्णेत मिळते; जवळच्याच कळसा नाल्याचं पाणी मात्र म्हादईतून अरबी समुद्र गाठतं. अशा जागी देव असणारच.

देवळांविषयी लिहिताना आपण दगड पाहतो, मूर्ती पाहतो, शिलालेख शोधतो. पण देऊळ रोज उघडतं कोण, दिवा लावतं कोण, पावसाच्या चार महिन्यांत वाती कोरड्या ठेवतं कोण, याची नोंद क्वचितच होते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि घाटाखालच्या कोकणात बऱ्याच ग्रामदेवतांची सेवा गुरव घराण्यांकडे असते. त्या घरातल्या नवरा-बायकोच्या दिवसाबद्दल हा लेख आहे.

गुरवाचं काम

गुरव हा जुन्या गावगाड्यातला बलुतेदार. शंकराच्या आणि ग्रामदेवतेच्या देवळात पूजा करणं, सांजवात लावणं, सणावाराला वाद्य वाजवणं आणि गावातल्या घरांना पत्रावळी पुरवणं ही त्याची कामं. मोबदल्यात सुगीला धान्याचं बलुतं, देवापुढचा शिधा-नारळ आणि बऱ्याच ठिकाणी थोडी इनाम जमीन. कोकणाकडच्या आणि घाटमाथ्यावरच्या देवळांत आणखी एक जबाबदारी असते, ती म्हणजे गावाचं गाऱ्हाणं देवापुढं घालणं आणि कौल घेणं.

पहाट ते दुपार

दिवस उजाडायच्या आधी गुरवीण उठते. घराची झाडलोट, मग देवळाचं अंगण. शेणाचा सडा आणि त्यावर दोन बोटांची रांगोळी. तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि राखेनं घासायची. तोवर गुरव आंघोळ करून ओलेत्यानं पाणी भरून आणतो. गाभाऱ्यात कालचं निर्माल्य काढणं, देवाला स्नान, गंध, फुलं, धूप, दिवा, घंटा हे त्याचं.

ही पूजा पाहताना सगळं गुरवच करतो असं वाटतं. पण त्याच्या हातात येणारी प्रत्येक वस्तू आधी तिच्या हातातून गेलेली असते. वाती तिनं वळलेल्या. फुलं तिनं परसात लावलेली आणि पहाटे खुडलेली : जास्वंद, तगर, अनंत, अबोली. नैवेद्य तिनं सोवळ्यात शिजवलेला. तेल किती उरलंय आणि अमावस्येपर्यंत पुरेल का, हा हिशोबही तिच्याच डोक्यात असतो.

दुपारी नैवेद्य दाखवून झाला की दोघं जेवतात. मग पत्रावळी. पानं आणायला रानात जायचं, आकार पाहून निवडायची, चोयांनी टाचायची, दाबून वाळवायची. लग्नसराईत आणि जत्रेच्या आधी ओसरीवर पत्रावळींच्या थप्प्या लागायच्या. यंत्राची कागदी पत्रावळ आली आणि हे उत्पन्न बहुतेक गेलं.

कौल

कुणाची गाय हरवली, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाच्या भावकीत वाद. माणूस नारळ घेऊन येतो. गुरव मूर्तीवर ओल्या कळ्या किंवा पाकळ्या लावतो आणि त्या माणसाच्या वतीनं मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असा साधारण संकेत.

कौल गुरव लावतो, पण आलेल्याचं गाऱ्हाणं पुष्कळदा त्याच्याआधी गुरविणीनं ऐकलेलं असतं. विशेषतः बायका आपलं दुखणं देवापुढं मोठ्यानं सांगत नाहीत. त्या तिच्या ओसरीवर टेकतात, पाणी पितात आणि हळूच बोलतात. गावाची सुखदुःखं तिला जितकी माहीत असतात तितकी तलाठ्याच्या दप्तरात सापडत नाहीत.

पावसाळा

कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. दिवसचे दिवस ऊन पडत नाही. काड्यापेटी सर्दते, कापूस ओलावतो, जळण धुमसत राहतं. म्हणून वाती उन्हाळ्यातच वळून डब्यात घालून चुलीच्या वर ठेवायच्या. लाकूड मेच्या आत माळ्यावर चढवायचं. पूर्वी डोक्यावर इरलं घेऊन गुरव देवळात जायचा, आता छत्री किंवा प्लास्टिक. दर्शनाला कुणी येवो न येवो, दिवा लागायलाच हवा. ही शिस्त कुणी लिहून दिलेली नाही, पण ती मोडलेली खपत नाही.

पाळी आणि खंड

घराणं वाढलं की पूजेच्या पाळ्या पडतात. भावकीत महिन्यांची किंवा वर्षांची वाटणी होते. पाळी असलेल्या घरात जन्म किंवा मृत्यू झाला तर सोयर-सुतकाच्या दिवसांत भाऊबंद पूजा सांभाळतात. गुरविणीच्या बाजूनं ते चार दिवस आले की तिचं काम जाऊ, सून किंवा स्वतः गुरव उचलतो. या अदलाबदलीतच कळतं की सेवा कधी एकट्याची नव्हतीच.

कागदावर एकच नाव

इंग्रजी अमलात १८५२ पासून इनाम कमिशननं मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी केली. देवस्थान इनामांचा वेगळा वर्ग ठरला. जमीन देवाची, आणि वहिवाटदार म्हणून नाव लागायचं ते बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचं. बायकोचं नाव यायचं ते मुख्यतः नवरा वारल्यावर, आणि तेव्हाही तंटा उभा राहायचा : बाई पूजा कशी करणार?

स्वतंत्र भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज काली कुएर विरुद्ध राम रतन पांडे या खटल्यात १९५५ साली न्यायालयानं सांगितलं की वंशपरंपरागत पुजारीपणाचा वारसा स्त्रीकडं येऊ शकतो. ती स्वतः गाभाऱ्यात जात नसली तरी योग्य माणसाकडून सेवा करवून घेऊ शकते. आपल्याकडच्या कित्येक विधवा गुरविणी हेच आधीपासून करत होत्या. पोरगं लहान असेल तर दिराकडून नाहीतर भाच्याकडून पूजा करवून घ्यायची आणि पाळी हातची जाऊ द्यायची नाही.

१९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडं आला. शेजारशेजारच्या देवळांना त्यामुळं वेगवेगळे कायदे लागू झाले. १९७४ च्या जमीन सुधारणेत कर्नाटकात कुळांकडच्या जमिनी कुळांच्या झाल्या. ज्या गुरवांनी इनाम जमीन कुळाला लावली होती त्यांचा आधार सुटला. कुळाला न्याय मिळाला हे खरंच, पण दिव्याच्या तेलाची सोय कुठून करायची हा प्रश्न घरात राहिला. सरकारी यादीत असलेल्या देवळांना वर्षाची तस्तीक मिळते, बाकीच्यांना भक्तांची ओवाळणी.

मिशनच्या घरात

हा विसर फक्त देवळांपुरता नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले. अमेरिकेचे रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा १८५२ साली कोल्हापुरात, अंबाबाईच्या क्षेत्री, दाखल झाले. त्या काळच्या अमेरिकन मिशनच्या याद्यांत मिशनऱ्याच्या पत्नीला ‘सहायक मिशनरी’ म्हणत. नेमणूक नवऱ्याची, आणि बायकोचं काम त्यातच धरलेलं. तरी १८८७ साली रॉयल अमेरिकेत वारल्यावर एलायझाबाई मुलगी ग्रेसला घेऊन पुन्हा कोल्हापूरकडं आल्या. नवरा गेला म्हणून त्यांचं काम संपलं नव्हतं.

आज

या पट्ट्यातली तरुण मंडळी गोव्याला, बेळगावला, पुण्याला नोकरीला जातात. अनेक देवळांत आता साठी-सत्तरी ओलांडलेली दोघंच उरली आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या तेवढ्याच आहेत. दोघांपैकी एक गेलं की दुसऱ्याला सेवा झेपत नाही, आणि मग गावाला पगारी पुजारी शोधावा लागतो. तो पूजा नीट करतो, पण कोणत्या महिन्यात कुठलं फूल, कुठल्या घराचा मान कधी, गाऱ्हाण्यात कुणाकुणाची नावं घ्यायची, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून मंडळाच्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या देवळाची नोंद करायला जाल तेव्हा गुरवाशी बोलून झाल्यावर ओसरीवरही बसा. मावशींना विचारा : तेलाचं माप कोणतं, नैवेद्याला काय काय लागतं, पाळ्या कशा पडल्या, सासूनं काय शिकवलं. परवानगी घेऊन लिहून ठेवा, आणि त्या नोंदीत दोघांचीही कामं वेगवेगळी मांडा. शिलालेख अजून शंभर वर्षं टिकेल. हे मात्र आत्ताच विचारायला हवं.