ओहोटीचे वाटाडे

कनेटिकट ही अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशातली सर्वांत लांब नदी. कॅनडाच्या सरहद्दीलगतच्या एका लहानशा तळ्यातून ती निघते, सुमारे ६६० किलोमीटर दक्षिणेकडे वाहते आणि ओल्ड सेब्रुक व ओल्ड लाइम या दोन गावांच्या मधून ‘लाँग आयलंड साउंड’ या समुद्राच्या पट्ट्याला मिळते. तिचे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन भाषाकुळातले. त्याचा अर्थ ‘भरतीच्या लांब नदीचा काठ’. हे नाव अगदी नेमके आहे, कारण भरती-ओहोटीचा चढउतार मुखापासून शंभरेक किलोमीटर आत, हार्टफर्ड शहराच्याही पलीकडे जाणवतो. एवढी मोठी नदी, पण तिच्या मुखाशी मोठे बंदर कधी उभे राहिले नाही. वाळूचे दांडे सतत जागा बदलत असल्याने मोठ्या जहाजांना आत शिरणे अवघड होते. बंदर नाही म्हणून गोद्या नाहीत, आणि गोद्या नाहीत म्हणून दोन्ही काठांची गवताळ खाजणे शाबूत राहिली. १९९४ मध्ये या पाणथळ प्रदेशाला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला.

खाजणात कोळंबी, खेकडे आणि बोटभर लांबीचे मासे वाढतात. त्यांच्यामागे मोठे मासे येतात आणि मोठ्या माशांमागे माणसे. हौशी गळकऱ्यांना होडीत घेऊन योग्य वेळी योग्य पाण्यावर नेणाऱ्या गाइडांचा व्यवसाय या साखळीवर उभा आहे. त्यांची गिऱ्हाइके मुख्यतः दोन माशांसाठी येतात. एक स्ट्राइप्ड बास आणि दुसरा ब्लूफिश.

स्ट्राइप्ड बासला या किनाऱ्यावर ‘स्ट्रायपर’ म्हणतात. अंग रुपेरी, पाठ ऑलिव्ह हिरवी आणि कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. कोकणातल्या खाड्यांचा जिताडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचा रुबाब ओळखीचा वाटेल. कुळे मात्र वेगळी आणि आयुष्याचा क्रमही उलटा. जिताडा गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. स्ट्रायपर समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात चढतो. अटलांटिक किनाऱ्यावरचे बहुसंख्य स्ट्रायपर चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत जन्मतात. उरलेल्यांत हडसन आणि डेलावेअर या नद्यांचा वाटा मोठा. अंडी पिले फुटेपर्यंत, म्हणजे साधारण दोन दिवस, वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. प्रवाह मंदावला तर ती तळाच्या गाळात बसतात आणि मरतात. मादी पूर्ण वयात यायला चार ते आठ वर्षे लागतात, आणि हा मासा तीस वर्षेही जगू शकतो. खूप मोठा स्ट्रायपर जवळजवळ नेहमीच मादी असतो.

ब्लूफिश वेगळ्या स्वभावाचा. निळसर पाठ, बळकट जबडा आणि त्यात एका रांगेत करवतीसारखे दात. तो थव्याने येतो, भक्ष्याच्या थव्यात घुसतो आणि कराकरा चावत सुटतो. पाण्यावर तेलकट तवंग आणि माशांचे तुकडे पसरतात, वर कुरव आणि सुरय पक्षी कल्लोळ करतात. लहान पिलांना ‘स्नॅपर’ म्हणतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात धक्क्यावर बसून साध्या काठीने स्नॅपर धरणे हा गावातल्या मुलांचा पहिला धडा असतो. ब्लूफिशचे मांस तेलकट आणि गडद रंगाचे. धरल्याबरोबर रक्त काढून बर्फात घातले नाही तर ते झपाट्याने उतरते. ताजे असताना त्याला चव आहे आणि धुरी दिलेला ब्लूफिश तर फारच चांगला लागतो, पण घरी नेईपर्यंतची काळजी न घेतल्याने त्याचे नाव उगाच खराब झाले आहे.

या खाडीतला गाइड पाण्याचे वेळापत्रक आधी शिकतो, मासा नंतर. मुंबईच्या उधाणाला साडेचार मीटर पाणी चढताना पाहणाऱ्याला ओल्ड सेब्रुकची जेमतेम मीटरभर भरती किरकोळ वाटेल. पण इथे उंचीपेक्षा ओढ महत्त्वाची. नदीचे स्वतःचे पाणी ओहोटीला येऊन मिळते, त्यामुळे मुखाजवळ ओहोटीचा प्रवाह भरतीच्या प्रवाहापेक्षा जोरकस आणि जास्त वेळ चालणारा असतो. दुसरी गोष्ट नवख्याला हमखास चकवते. पाणी उतरू लागले म्हणजे प्रवाह लगेच उलटला असे होत नाही. काठावरच्या दगडाची ओली रेघ खाली सरकू लागली, तरी मधल्या पात्रातले पाणी काही काळ आतच वाहत असते. छापील कोष्टकातली भरतीची वेळ आणि प्रवाह फिरण्याची वेळ यांतला हा फरक जागेगणिक बदलतो. तो पाठ असणे हीच गाइडची खरी पुंजी.

तळाशी आणखी एक हालचाल चालू असते. समुद्राचे खारे पाणी जड, म्हणून ते पाचरीसारखे गोड्या पाण्याखालून आत शिरते. वसंतात डोंगरातले बर्फ वितळून नदी फुगली की ही पाचर मुखाकडे ढकलली जाते. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की ती आत सरकते, आणि खाऱ्या पाण्यातले मासेही तिच्याबरोबर वर चढतात.

स्ट्रायपर प्रवाहाशी झगडत बसत नाही. तो दगडाच्या, पुलाच्या खांबाच्या किंवा वाळूच्या दांड्याच्या आडोशाला संथ पाण्यात थांबतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारे भक्ष्य टिपतो. त्यामुळे कनेटिकटच्या मुखावरच्या ठरलेल्या जागा म्हणजे पाणी अडणाऱ्या आणि वळणाऱ्या जागा. त्यांत १९०७ चा रेल्वेचा उघडता पूल आहे, ग्रिसवोल्ड पॉइंटची वाळूची सोंड आहे आणि ग्रेट आयलंडच्या खाजणातून बाहेर पडणारे ओहोळ आहेत. पश्चिमेच्या लाटाबांधाच्या टोकाला १८८६ चे पांढरे दीपगृह उभे आहे. कनेटिकट राज्यातल्या अनेक मोटारींच्या नंबरपाट्यांवर त्याचे चित्र दिसते. ओहोटीचे पाणी या बांधाला वळसा घालून साउंडमध्ये सांडते आणि तिथे भोवऱ्यांची एक रांग तयार होते. दक्षिणेचा वारा या ओहोटीवर समोरून आला की वाळूच्या दांड्यावर उभ्या, आखूड लाटा उसळतात. त्या लहान होडीला पालथी घालू शकतात. अशा दिवशी फेरी रद्द करून पैसे परत देणारा गाइडच भरवशाचा.

हंगाम एप्रिलपासून सुरू होतो. समुद्रातून हेरिंग आणि शॅड हे मासे अंडी घालायला नदीत चढू लागतात. शॅड हा आपल्याकडच्या पाला माशाचा, म्हणजे बंगालच्या हिलशाचा जवळचा नातेवाईक. त्यांच्या मागोमाग स्ट्रायपर जातो, आणि काही स्ट्रायपर मुखापासून सुमारे १४० किलोमीटरवरच्या होलयोक धरणापर्यंत पोहोचतात. मे आणि जून हा भर. जूनमध्ये ब्लूफिशही साउंडमध्ये येतो. ऐन उन्हाळ्यात उथळ पाणी तापते, मोठे स्ट्रायपर बाहेरच्या खडकाळ उंचवट्यांवर खोलात उतरतात, आणि गाइड पहाटेच्या अंधारात किंवा रात्री निघू लागतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे परतीच्या प्रवासाचे महिने. त्या काळात मेनहेडन या तेलकट माशाचे थवे मुखाशी जमतात. स्थानिक लोक त्याला ‘बंकर’ म्हणतात. आपल्या तारलीसारखाच, पण अंगाने मोठा. स्ट्रायपर आणि ब्लूफिश दोघेही दक्षिणेकडे निघण्याआधी याच बंकरवर पोट भरतात.

फेरी साधारण चार ते सहा तासांची असते. होडी बहुधा सहा-सात मीटरची, मधोमध सुकाणू असलेली, म्हणजे चारही बाजूंनी गळ टाकता येतो. कोकणात याला ‘गरवायला जाणे’ म्हणतात. काठी, रीळ आणि तंगुसाची दोरी इथेही तीच, फरक मापाचा. रात्रीचे खास आमिष म्हणजे जिवंत वाम. वाम हातात ठरत नाही, म्हणून गाइड ती बर्फावर ठेवून सुस्त करतो आणि कोरड्या फडक्यात धरतो. मग गळाचे टोक खालच्या जबड्यातून घालून वर नाकाशी काढतो. होडी प्रवाहावर सोडली जाते, वाम तळालगत वाहू लागते. दोरीवर आधी एक टकटक होते, नंतर जड ओढ लागते. गिऱ्हाइकाचा हात सवयीने काठीला झटका द्यायला जातो, आणि गाइड त्याला तिथेच थांबवतो. आमिष लावलेला गळ गोल वळणाचा असणे आता सक्तीचे आहे. झटका दिला तर तो तोंडातून निसटून येतो. नुसती दोरी ताणून हळूहळू गुंडाळली तर तो सरकत जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. सरळ गळ माशाच्या पोटात उतरतो आणि त्याला मारतो. गोल गळाने तो धोका पुष्कळ कमी होतो.

होडीशी आलेला स्ट्रायपर अंगठा खालच्या जबड्यात घालून धरता येतो, कारण त्याच्या ओठाला फक्त कानसेसारखा खरखरीतपणा असतो. ब्लूफिशच्या बाबतीत तीच सवय बोटावर बेतते. तो पाण्याबाहेरही नेम धरून चावतो, म्हणून त्याच्यासाठी दोरीच्या टोकाला तारेचा तुकडा लावतात आणि गळ लांब पकडीनेच काढतात. त्याच्या तोंडाजवळ बोट न्यायचे नाही, हे गिऱ्हाइकाला होडी निघण्याआधीच सांगितलेले असते.

पैसे घेऊन माणसे नेणाऱ्याला तटरक्षक दलाचा परवाना लागतो. सहा प्रवाशांपर्यंतच्या परवान्याला बोलीत ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. त्यासाठी पाण्यावर काढलेल्या ३६० दिवसांची नोंद दाखवावी लागते, आणि त्यांतले ९० दिवस गेल्या तीन वर्षांतले हवेत. जोडीला लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, अमली पदार्थांची चाचणी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण असते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ही अट कडक वाटते, पण रात्री ओहोटीच्या दांड्यावर अनोळखी माणसांचा जीव हाती असतो, त्या मानाने ती योग्यच आहे.

स्ट्रायपरचे रक्षण हा विषय अमेरिकेत वसाहतकाळाइतका जुना आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्येच बास आणि कॉड शेतात खत म्हणून टाकायला मनाई केली होती. तरीही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मासा झपाट्याने घटला. १९८४ मध्ये संसदेने खास कायदा केला, आणि १९८५ पासून चेसापीकच्या काठच्या मेरीलँड राज्याने काही वर्षे स्ट्रायपर धरणे पूर्ण बंद ठेवले. १९९५ मध्ये किनाऱ्यावरचा साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. मत्स्यव्यवस्थापनात इतके उघड यश क्वचितच दिसते. मात्र ते टिकले नाही. २०१९ मध्ये साठा पुन्हा अतिमासेमारीने खालावल्याचा निष्कर्ष निघाला. मेरीलँड राज्य १९५४ पासून दर उन्हाळ्यात नद्यांतली पिले मोजते. त्या मोजणीच्या निर्देशांकाची दीर्घकालीन सरासरी ११ च्या आसपास आहे, आणि २०२३ चा आकडा होता १.०. आजची पिले सहा-सात वर्षांनी वयात येतात, म्हणून या उणिवेचा फटका पुढे बसणार आहे.

साठा सावरावा म्हणून २०२३ पासून समुद्रकिनाऱ्यावर हौशी गळकऱ्याला दिवसाला एकच स्ट्रायपर ठेवता येतो, आणि तोही २८ ते ३१ इंच, म्हणजे ७१ ते ७९ सेंटिमीटर लांबीचा. त्याहून लहान आणि त्याहून मोठा, दोन्ही सोडायचे. त्यामुळे मासा नीट सोडणे हा गाइडच्या कामाचा मुख्य भाग झाला आहे. सोडलेल्या माशांपैकी सुमारे ९ टक्के पुढे मरतात असे सरकारी मोजमापात धरले जाते. गाइड हा आकडा कमी करू शकतो. तो मासा दमेपर्यंत खेळवत ठेवत नाही, जाळीत उचलला तर ओल्या हातांनी आडवा धरतो आणि छायाचित्रासाठी काही सेकंदच देतो. नंतर त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरतो. कल्ले उघडमीट करू लागतात, शेपटीत ताकद येते आणि मासा स्वतःच हात सोडवून खाली जातो. पाणी फार तापले असेल त्या दिवसांत स्ट्रायपरच्या मागे न लागता ब्लूफिशकडे वळणारे गाइड आहेत, आणि त्यांचा हा निर्णय बरोबर आहे.

या खाडीने एक पुनरागमन पाहिलेही आहे. ग्रेट आयलंडच्या खाजणातले ऑस्प्रे हे मासेखाऊ शिकारी पक्षी १९५० च्या दशकानंतर डीडीटी या कीटकनाशकामुळे जवळजवळ नाहीसे झाले होते. ओल्ड लाइमचे रहिवासी आणि पक्षितज्ज्ञ रॉजर टोरी पीटरसन यांनी ही घट डोळ्यांदेखत पाहिली आणि तिचा पाठपुरावा केला. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. आज त्याच खाजणात पीटरसन यांच्या नावाचे वन्यजीव क्षेत्र आहे. तिथे खांबांवर बांधलेल्या फळ्यांवर ऑस्प्रेची घरटी पुन्हा दिसतात, आणि गाइड होडीतून जाताना ती गिऱ्हाइकांना दाखवतात. हाच पक्षी हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांवरही येतो.

गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या स्ट्राइप्ड बासचा विक्रमही याच पाण्यातला. ४ ऑगस्ट २०११ रोजी ग्रेग मायरसन यांना नदीमुखाच्या पश्चिमेला, वेस्टब्रुकसमोरच्या खडकाळ पाण्यात, जिवंत वामेवर ८१.८८ पौंडांचा, म्हणजे ३७ किलोंहून थोडा जास्त वजनाचा स्ट्रायपर लागला. त्याची लांबी ५४ इंच होती. आजच्या नियमांनुसार तो मासा जिवंत सोडून द्यावा लागला असता.